शेंगदाण्याच्या तिखट नूडल्स: घोळवलेल्या की रश्श्यातल्या?

शेंगदाण्याच्या तिखट नूडल्स घरी दोन तऱ्हांनी होतात. एकीत दाण्यांचा दाट सॉस वाडग्याच्या तळाशी असतो आणि वाफाळत्या नूडल्स त्यात घोळवायच्या असतात. दुसरीत तोच शेंगदाणा रश्श्यात मिसळलेला असतो, नूडल्स त्यात बुडालेल्या असतात आणि शेवटी वाडगा तोंडाला लावायचा असतो. जिन्नस जवळजवळ सारखेच: दाणे, लसूण, सोया सॉस, काहीतरी आंबट, किंचित गोड आणि मनासारखं तिखट. तरी कुठल्या करायच्या हे मी चवीवरून ठरवत नाही. गॅस बंद केल्यापासून पहिला घास तोंडात जाईपर्यंत किती वेळ जाणार, एवढंच बघते.

कारण घोळवलेल्या नूडल्स थांबत नाहीत. सॉस निवतो तसा आळत जातो, नूडल्स त्यातलं पाणी पीत राहतात, आणि दहाव्या मिनिटाला घास उचलू गेलं तर सगळा गोळाच वर येतो. खाणारी माणसं समोर बसलेली हवीत. रश्श्याला अशी घाई नसते. नूडल्स वेगळ्या ठेवल्या तर तो अर्धा तास आरामात वाट बघतो, आणि मागून येणाऱ्यालाही तितकाच चांगला मिळतो. म्हणून एकट्यादुकट्याला घोळवलेल्या, आणि चारपाच जण पुढेमागे जेवणार असतील तर रस्सा, असा माझा ढोबळ हिशेब आहे. पण यात बारकावे आहेत आणि ते कळले तर दोन्ही तऱ्हा जास्त चांगल्या होतात.

घोळवलेल्या

या तऱ्हेचं जवळचं नातं चीनमधल्या सिचुआनच्या दान-दान नूडल्सशी आहे. फेरीवाले खांद्यावरच्या ज्या कावडीतून त्या विकत, तिच्यावरून हे नाव पडलं. तिथे दाटपणासाठी बहुधा तिळाची पेस्ट वापरतात आणि शेंगदाणे भरडून वरून घालतात. घरोघरी पीनट बटरमध्ये केल्या जाणाऱ्या नूडल्स हा त्याहून मवाळ आणि सोपा प्रकार आहे.

माणशी 100 ग्रॅम सुक्या नूडल्स धरा. सॉसला दोन मोठे चमचे पीनट बटर (साधारण 30 ग्रॅम), एक मोठा चमचा सोया सॉस, दोन लहान चमचे तांदळाचं व्हिनेगर, एक लहान चमचा साखर, लसणाची एक पाकळी किसून, आणि एक-दोन लहान चमचे चिली ऑइल, तळाच्या गाळासकट. हे सगळं ज्या वाडग्यात खायचं त्यातच कालवायचं. पाणी उकळायला ठेवल्यापासून पंधरावीस मिनिटांत वाडगा समोर येतो आणि घासायला एकच पातेलं उरतं. दमून आलेल्या दिवशी या शेवटच्या गोष्टीला फार किंमत असते.

पहिल्यांदा करणारा माणूस इथेच गडबडतो. पीनट बटरमध्ये सोया सॉस आणि व्हिनेगर पडलं की ते सैल व्हायच्या ऐवजी आवळून येतं, चमचा फिरेनासा होतो, आणि सॉस बिघडला असं वाटतं. तो बिघडलेला नसतो. पीनट बटर म्हणजे तेलात तरंगणारे दाण्यांचे अतिशय बारीक कण. त्यांना थोडंसंच पाणी मिळालं की ते पाणी धरून एकमेकांना चिकटतात. आणखी पाणी मिळालं की सुटे होतात, तेलाचे बारीक थेंब होऊन पाण्यात पसरतात, रंग फिकट होतो आणि सॉस सायीसारखा मऊ होतो. त्यामुळे घट्ट झाला म्हणून वर तेल ओतू नका. नूडल्स शिजवलेलं गरम पाणी एकेक चमचा घालत फेटत राहा. चारपाच मोठे चमचे लागतातच.

पाणी नूडल्सचंच हवं. त्यात पिठातला स्टार्च उतरलेला असतो, आणि तो तेलाला सुटू देत नाही. साध्या गरम पाण्यानेही सॉस पातळ होतो, पण नूडल्सना नीट धरत नाही. शेवटी वाडग्यात एका बाजूला तेल आणि दुसऱ्या बाजूला गाळ उरतो. पातेल्याशेजारी एक कप आधीच ठेवा आणि नूडल्स निथळायच्या आधी तो भरून घ्या. सॉस चमच्यावरून सलग धारेत पडावा, वाडग्यात त्याची रेघ क्षणभर दिसावी आणि मोडावी. ‘जरा जास्तच पातळ झाला’ असं वाटलं की तो बरोबर झाला, कारण पुढच्या मिनिटभरात नूडल्स त्यातलं बरंच पाणी पिणार आहेत.

या तऱ्हेचं न्यून एकच, पण मोठं आहे: ती जड आहे. शेंगदाण्यात वजनाने जवळपास निम्मं तेल असतं. पहिले चार घास स्वर्गसुख देतात, आणि दहाव्या घासाला जीभ काहीतरी करकरीत, आंबट, थंड मागू लागते. काकडीचे लांब तुकडे, कांद्याची पात किंवा व्हिनेगरमध्ये मुरवलेला मुळा बरोबर असेल तर वाडगा संपतो, नाहीतर उरतो. हे तोंडीलावणं ऐच्छिक समजू नका.

रश्श्यातल्या

इथे कामं वाढतात. माणशी 250 ते 300 मिली स्टॉक आणि 100 मिली नारळाचं दूध धरा. नूडल्स 70-80 ग्रॅम पुरतात. आधी तेलात आलं-लसूण परतायचं, मग भिजवून वाटलेल्या सुक्या मिरच्या घालून तेल सुटेपर्यंत मंद आचेवर हलवत राहायचं. ही पायरी उरकू नका. रश्श्याचा रंग आणि अर्धी चव या सातआठ मिनिटांत तयार होते. मग स्टॉक, त्याला उकळी, आणि नंतर नारळाचं दूध. पीनट बटर मात्र थेट पातेल्यात टाकू नका, नाहीतर गुठळ्या होऊन बुडाशी बसतात आणि करपतात. वाटीत पळीभर गरम रश्श्यात फेटून ते ओता आणि आच कमी करा. पुढची दहा मिनिटं अधूनमधून तळापासून ढवळत राहावं लागतं, कारण दाण्यांचा रस्सा पटकन बूड धरतो.

जोरात उकळलं तर नारळाचं दूध फुटतं आणि तेल वर येतं. आग्नेय आशियातल्या कित्येक रश्श्यांत असा लाल तवंग मुद्दाम आणतात, त्यामुळे तो आला म्हणून हळहळू नका. चव तशीच राहते, फक्त रेशमी पोत जातो. मीठ आणि लिंबू शेवटी. रस्सा आटत असतो, आधी बेताचं घातलेलं मीठ नंतर जास्त होतं. आणि लिंबाचा ताजा वास उकळल्यावर राहत नाही.

एकूण पाऊण तास, दोन पातेली, सतत लक्ष. बदल्यात मिळतं ते घोळवलेल्या नूडल्समध्ये नाही. दाण्यांचा तेलकट जडपणा विरघळून जातो आणि उरतो फक्त त्यांचा खमंगपणा. घशाखाली उतरणारी ऊब इथेच आहे. सर्दीने डोकं जड झालेलं असताना, किंवा दिवस वाईट गेल्यावर कुणाशी न बोलता काहीतरी गरम हवं असताना, मी रस्साच करते, कितीही कंटाळा आला तरी. माझ्या मते मन निवण्यासाठी यासारखं दुसरं काही नाही. शिवाय भाज्या, टोफू, उकडलेलं अंडं, चिकनचे तुकडे असं हाताशी असेल ते रश्श्यात सामावून जातं. घोळवलेल्या नूडल्समध्ये फार भर घातली की सॉस पुरत नाही आणि सगळंच कोरडं लागतं.

बरणी की घरचे दाणे

पीनट बटरची बरणी उघडावी की दाणे भाजून वाटावेत, याचं उत्तर वरच्या निवडीवर अवलंबून आहे, आणि ते अपेक्षेच्या उलट आहे. साध्या, झटपट घोळवलेल्या नूडल्सना घरचे दाणे शोभतील असं वाटतं. प्रत्यक्षात तिथे बरणीतलं गुळगुळीत पीनट बटर सरस ठरतं. घरच्या मिक्सरमध्ये कितीही फिरवलं तरी बारीक रवा राहतो, आणि न शिजवलेल्या सॉसमध्ये तो जिभेला जाणवतो. रश्श्यात मात्र तोच रवा दहा मिनिटांत शिजून मऊ होतो, रश्श्याला अंग देतो, आणि नुकत्या भाजलेल्या दाण्यांचा वास पूर्ण उतरतो. म्हणून कष्ट करायचेच असतील तर रश्श्यासाठी करा.

बरणी घेताना पाठीमागची यादी वाचा. फक्त दाणे आणि मीठ असलेल्या बरणीत तेल वर येतं. ते ओतून न टाकता तळापासून ढवळून घ्यायचं. तेल अजिबात वर येत नसेल तर बहुधा त्यात हायड्रोजनेटेड, म्हणजे प्रक्रियेने घट्ट केलेलं तेल मिसळलेलं असतं. ही युक्ती अमेरिकन उद्योजक जोसेफ रोझफिल्ड यांनी 1920 च्या दशकात पीनट बटरसाठी वापरात आणली, आणि त्यामुळेच बरणी महिनोन्‌महिने टिकू लागली. अशा पीनट बटरमध्ये पुष्कळदा साखरही असते. ते चालतं, फक्त सॉसमधली साखर निम्मी करा.

घरी करायचे तर कच्चे दाणे मंद आचेवर दहाबारा मिनिटं हलवत भाजा. हव्या त्या रंगाच्या किंचित आधीच उतरवा, कारण उतरवल्यावरही ते आतल्या उष्णतेने शिजत राहतात. सालं चोळून काढा, पूर्ण निवू द्या, मग थांबत थांबत वाटा. आधी कूट होतं, मग त्याचा ओलसर गोळा होऊन कडेला चिकटतो, आणि तिथे सोडून न देता तीनचार मिनिटं आणखी फिरवलं की तेल सुटून पेस्ट वाहू लागते. सुरकुतलेले, काळपट किंवा बुरशीचा वास येणारे दाणे निवडून फेका. त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं आणि ते भाजून पूर्ण जात नाही.

तिखट कुठून आणायचं

मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळपास नाही. घोळवलेल्या नूडल्समध्ये म्हणून चिली ऑइलच हवं. नुसतं तिखट भुरभुरलं तर कच्चं लागतं आणि एका घासात जाळ, दुसऱ्यात काहीच नाही असं होतं. तेल सुमारे 150 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून मिरचीच्या भरडीवर थोडं थोडं ओता. थर्मामीटर नसेल तर भरडीचा एक तुकडा तेलात टाका. तो लगेच फसफसावा, पण काळा पडू नये. काळा पडला तर थांबा, करपलेल्या मिरचीचा कडवटपणा साखरेने झाकत नाही. सिचुआन मिरी घातली तर ओठांना मुंग्या येतात. ती झिणझिण सॅनशूल नावाच्या वेगळ्याच घटकाची. माझ्या मते ती घोळवलेल्या नूडल्सना शोभते, नारळाच्या रश्श्यात परकी वाटते.

रश्श्यात तिखटाचा अंदाज चुकतो. कॅप्सेसिन ज्या मज्जातंतूंना चेतवतं, तेच सुमारे 43 अंशांच्या वरच्या उष्णतेलाही जागे होतात. त्यामुळे वाफाळता रस्सा आहे त्याहून तिखट लागतो आणि कोमट झाल्यावर तोच निवांत वाटतो. चव घेताना चमचा थोडा निवू द्या, मगच मिरची वाढवा. लहान मुलं असतील तर रस्सा सौम्य ठेवून प्रत्येकाच्या वाडग्यात वरून चिली ऑइल घालणं हा सर्वांत सोयीचा मार्ग आहे.

नूडल्स

घोळवायला गव्हाच्या, जाडसर आणि ताण असलेल्या नूडल्स घ्या. पिवळसर रंगाच्या, क्षार घालून केलेल्या मिळाल्या तर उत्तम. रश्श्याला तांदळाच्याही छान. त्या स्वतःची चव फारशी लादत नाहीत. गव्हाच्या वापरल्या तर पाकिटावरच्या वेळेपेक्षा मिनिटभर आधी काढा, उरलेलं शिजणं रश्श्यात होईल.

तिसरी वाटही आहे: घोळवलेल्याच, पण थंड. नूडल्स शिजल्यावर गार पाण्याखाली धुऊन स्टार्च काढायचा, चमचाभर तिळाचं तेल चोळायचं, आणि सॉस वेगळ्या डबीत ठेवून खाताना मिसळायचा. सॉस इथे नेहमीपेक्षा पातळ आणि थोडा जास्त आंबट करा, थंडपणात तो आळतो आणि चवही दबते. डब्यात न्यायचं असेल तर ही एकच तऱ्हा चालते.

कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर या सगळ्यातलं काहीच त्याच्या वाडग्याजवळ येता कामा नये, पळीसुद्धा. तिळाची किंवा सूर्यफुलाच्या बियांची पेस्ट त्याच प्रमाणात चालते. मात्र तिळाचीही ॲलर्जी बऱ्याच जणांना असते, म्हणून आधी विचारा. तिळाची पेस्ट जरा कडवट असते, अर्धा चमचा साखर जास्त लागते.

आणि उरलं तर? घोळवलेल्या नूडल्स दुसऱ्या दिवशी फार सुधारत नाहीत. दोन चमचे उकळतं पाणी घालून हलक्या हाताने मोकळ्या केल्या तर भूक भागते, इतकंच. रस्सा फ्रीजमध्ये घट्ट होऊन बसतो. त्यात वाटीभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत आणा, वरून लिंबू पिळा आणि नूडल्स तेवढ्या नव्या शिजवा. मिरची रात्रभर मुरलेली असते. मला तर हा दुसऱ्या दिवशीचाच वाडगा जास्त आवडतो, म्हणून रस्सा करायचा ठरला की मी मापं सरळ दुप्पट घेते.