तयार ‘फॅमिली किट’ मणिपूरच्या छावण्यांसाठी घेताय? आधी काय बदलून घ्यायचं ते बघा

मुंबईतली मंडळं, हाउसिंग सोसायट्या आणि कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक मदतीचे) विभाग मदतीसाठी जी तयार किटं घेतात, ती घाऊक व्यापारी ऑर्डरीप्रमाणे भरून देतात. पाच माणसांच्या कुटुंबाचा नेहमीचा संच असा: बिनझाकणाची बादली आणि मग, ताडपत्री, दोन सोलापुरी चादरी, मच्छरदाणी, साबणाच्या दोन वड्या, थोडी भांडी, तांदूळ-डाळ-तेल आणि कधीकधी क्लोरीनच्या गोळ्या. सांगली-कोल्हापूरच्या पुरात हे किट कामाला येतं, कारण पाणी ओसरलं की लोक घरी परततात. मणिपूरमध्ये ३ मे २०२३ ला मैतेई आणि कुकी-झो समाजांत हिंसाचार सुरू झाला, सुमारे ६० हजार लोकांना घर सोडावं लागलं आणि दोन वर्षं उलटल्यावरही हजारो जण छावण्यांतच होते. घर जळालेलं, गावाकडची वाट दुसऱ्या समाजाच्या वस्तीतून जाणारी. अशा मुक्कामासाठी हे किट आहे तसं पाठवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र ऑर्डर देतानाच काही गोष्टी बदलून मागितल्या तर ते उत्तम होतं, आणि मुंबईच्या बाजारात त्या सगळ्या मिळतात.

सगळ्यात जास्त फसगत ताडपत्रीत होते. लेबलवर २०० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरमागे २०० ग्रॅम) छापलेलं असतं, हातात येते ती निम्म्या जाडीची. ओळखायला सोपं आहे, वजन करा. १२ बाय १८ फुटी ताडपत्री म्हणजे साधारण २० चौरस मीटर. २०० जीएसएम खरं असेल तर काट्यावर ४ किलो भरलं पाहिजे. अडीच किलो भरलं तर ती १२५ची आहे, मग दुकानदार काहीही सांगो. नंतर ती उलगडून उजेडासमोर धरा. टाचणीएवढे ठिपके चमकले तर लॅमिनेशन सुटलेलं आहे आणि पाणी तिथूनच झिरपणार. रिसायकल प्लास्टिकच्या दाण्याची, यूव्ही स्टॅबिलायझर (उन्हापासून बचाव करणारं रसायन) नसलेली ताडपत्री उन्हात कडक होते, घडीवर तडकते आणि मग तिचे तुकडे पडू लागतात. आपल्याकडे पावसाळ्यापुरती छपरावर टाकायला ती चालेल, वर्षभराच्या निवाऱ्याला नाही. काठात दोरी शिवलेली आणि कोपऱ्यांना दुहेरी पट्टी असेल तीच घ्या, नाहीतर वाऱ्याच्या पहिल्या झोतात आयलेट (दोरी ओवायच्या कड्या) उपटून येतात. सोबत दोरी द्यायला व्यापारी हमखास विसरतो. प्रत्येक किटमागे ६ मिलिमीटरची ३० मीटर नायलॉन दोरी वेगळी लिहून द्या.

बऱ्याच छावण्या शाळांत आणि सभागृहांत आहेत. तिथे डोक्यावर छप्पर असतं, आडोसा नसतो. एका हॉलमध्ये अनेक कुटुंबं राहतात, त्यात तरुण मुली, बाळंतिणी आणि म्हातारी माणसं असतात. अशा छावणीसाठी ताडपत्रीऐवजी मंगलदास मार्केटमधून गडद रंगाचं जाड सुती कापड घ्या, वरच्या काठाला दोरी ओवण्यापुरती शिवण मारून. कपडे बदलायला पडदा असणं ही चैन नाही. दात्यांच्या यादीत तो क्वचितच दिसतो, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

आता पाणी. उघड्या बादलीत मग बुडतो, मगाबरोबर हात बुडतो, आणि क्लोरीन टाकून शुद्ध केलेलं पाणी पुन्हा दूषित होतं. बादली अंघोळीला राहू द्या, पिण्याच्या पाण्यासाठी अरुंद तोंडाचे, झाकणाचे २० लिटरचे दोन कॅन घाला. एक भरायला, एक साठवायला. २० लिटरच का, तर ६७ मिलिग्रॅमची एनएडीसीसी (क्लोरीनची) गोळी २० लिटर स्वच्छ पाण्यासाठीच असते. गोळी टाका, हलवा, ३० मिनिटं थांबा. तीच गोळी १२-१५ लिटरच्या बादलीत टाकली की पाण्याला उग्र वास येतो, मुलं तोंड वाकडं करतात आणि घरातले गोळ्या वापरणंच सोडून देतात. गढूळ पाणी आधी कापडातून गाळून निवळू द्यावं लागतं, कारण गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. गोळ्यांच्या पाकिटावरची मराठी-हिंदी सूचना तिकडे बऱ्याच जणांना वाचता येणार नाही, चित्रांचा कागद घाला.

दोन वड्या साबण म्हणजे दिलं न दिल्यासारखंच. स्फिअर या मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय किमान मानकांत दरमाणशी दरमहा २५० ग्रॅम अंघोळीचा आणि २०० ग्रॅम धुण्याचा साबण धरलेला आहे. पाच जणांना महिन्याला सव्वा किलो आणि एक किलो. सॅनिटरी पॅडची मोजणी कुटुंबामागे नको, वयात आलेल्या प्रत्येक बाईमागे करा. विल्हेवाटीची सोय नसेल तर धुवून वापरायचे पॅड बरे. त्यांच्यासोबत भिजवायला झाकणाचा छोटा डबा आणि अंतर्वस्त्रं हवीतच.

काही किटांत दुधाची बाटली आणि शिशुदुधाची पावडर असते. ती काढायलाच लावा. १९९२च्या कायद्याने शिशुदूध आणि बाटल्या अशा वाटण्यावर बंदी आहे, सूट आहे ती अनाथाश्रमांना. कारणही साधं आहे. उकळायला इंधन नाही, पाण्याचा भरवसा नाही, तिथे बाटलीतून जुलाब पसरतात आणि आईचं अंगावरचं दूध कमी होतं.

सोलापुरी चादर अंथरायला छान, पण इंफाळचा हिवाळा तिने भागत नाही. पारा ५ अंशांखालीही उतरतो. पानिपतचं मिश्र लोकरीचं ब्लँकेट माणशी एक द्या. मच्छरदाणी कीटकनाशक लावलेलीच मागा. ती वापराआधी एक दिवस सावलीत पसरायची, धुतल्यावरही उन्हात वाळवायची नाही.

धान्य इथून पाठवू नका. तिकडचं जेवण भाताचं आहे, गव्हाचं पीठ घातलं तर पडून राहतं आणि तांदळालाही वाहतुकीचा खर्च भारी पडतो. त्याऐवजी छावणी चालवणाऱ्या संस्थेला पैसे द्या, तांदूळ ते जवळून घेतील.

शेवटी पाठवणी. लोकमान्य टिळक टर्मिनसवरून गुवाहाटीपर्यंत रेल्वे पार्सल जातं, खरी गाठ पुढे आहे. मैतेईबहुल इंफाळ खोरं आणि चुराचांदपूर, कांगपोकपी हे कुकीबहुल डोंगराळ जिल्हे यांच्यात माल सहजी इकडून तिकडे जात नाही. सगळी किटं इंफाळला उतरवली तर डोंगरातल्यांचा वाटा गोदामातच अडकतो. म्हणून मुंबईतच वेगळे लॉट बांधा: खोऱ्यासाठी इंफाळ, चुराचांदपूरसाठी मिझोराममधल्या ऐझॉलमार्गे, कांगपोकपीसाठी नागालँडमधल्या दिमापूरमार्गे. प्रत्येकाचा माल घेणारा त्या-त्या भागातलाच असावा. ५० हजार रुपयांवरच्या मालाचं ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) लॉटनिहाय काढा, आणि खोक्यांवर दात्याचा फोटो किंवा कुठल्याही समाजाचं नाव छापू नका. रस्त्यातल्या तपासणीत अशा खोक्यापायी चालकाच्या जिवाला धोका होऊ शकतो.