स्लिंगशॉट का निशिकी एलियन? जुन्या माउंटन बाइकमधल्या दोन भन्नाट फ्रेम

एक स्लिंगशॉट कंपनीची, दुसरी निशिकी कंपनीची एलियन. दोन्ही अमेरिकेच्या बाजारातल्या, १९८०-९० च्या काळातल्या, आणि दोन्ही बघितल्या की माणूस थांबतोच.

स्लिंगशॉटला खालचा पाइपच नाही, त्याच्या जागी ताणलेली स्टीलची केबल अन् तिला स्प्रिंग, आणि वरचा पाइप सीटजवळ फायबरच्या पट्टीनं जोडलेला, म्हणजे खड्डा आला की फ्रेम मधूनच थोडी वाकते अन् परत जागेवर येते. सस्पेन्शन फोर्क, म्हणजे धक्का झेलणारा पुढचा चिमटा, सगळीकडं यायच्या आधीची आयडिया आहे ही, मला तर लई भारी वाटते! म्हैसमाळ घाटाच्या मुरमाड दगडी वाटेवर हातांना आराम मिळंल असं वाटतं. पण पट्टी तडकली तर ती आपल्याकडं कुठून आणायची सांगा, केबलचं कायतरी जमंल एकवेळ.

एलियनचं वेगळंच. मागचे पाइप चेनच्या वरून नेलेत, माउंटन बाइक डिझायनर रिचर्ड कनिंगहॅम यांच्या डिझाइनवरून. त्यामुळं चेन पाइपला आपटत नाही, चिखलात चेनरिंग (पॅडलजवळचं दातेरी चाक) अन् पाइपच्या मधी अडकत नाही, चेन न तोडता काढता पण येते. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत सायकल घातलेल्याला इचारा याची किंमत काय ते. मात्र जोर मारला की पॅडलजवळचा भाग जास्त लवतो, आणि वजनही वाढतं.

घरात ठेवून बघायला स्लिंगशॉट, रोज शेताकडं न्यायला मी एलियनच घेईन.