मुलाला समुपदेशकाकडे न्यायचं, की आधी आपणच जायचं?

सात वर्षांचा मुलगा मोबाइल काढून घेतला की वस्तू फेकतो, चावतो. पालक त्याला समुपदेशकासमोर बसवतात आणि स्वतः बाहेर थांबतात. वागणुकीच्या तक्रारीत हा पर्याय लंगडा पडतो. आठवड्यातला पाऊण तास मूल तिथे शहाण्यासारखं चित्र काढतं; भांडण मात्र घरी, रात्री साडेनऊला, जेवणाच्या ताटावर होतं.

दुसरा पर्याय पालक-प्रशिक्षणाचा. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २०१३ मध्ये ३ ते ११ वर्षांच्या आक्रमक, हट्टी मुलांसाठी हाच सुचवला: पालकांच्या गटात १० ते १६ बैठका, प्रत्येकी दीड-दोन तास. मूल किंचाळतं, आपण मोबाइल देतो, किंचाळणं थांबतं. त्याला मोबाइल मिळाला, आपल्याला शांतता; दोघांनाही बक्षीस, म्हणून उद्या पुन्हा तेच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी हा सापळा उलगडून दाखवला.

तो सोडवायची सुरुवात रोज दहा मिनिटं मुलाच्या कलाने खेळण्यापासून. त्यात ना हुकूम, ना प्रश्न. मग एका वेळी एकच सूचना: "नीट वाग" नव्हे, "चपला रॅकमध्ये ठेव". ऐकलं की तिथल्या तिथे कौतुक. आरडाओरड्याकडे दुर्लक्ष, पण मारण्या-चावण्याकडे नाही. सुरुवातीला त्रागा उलट वाढतो आणि बरीच घरं तिथेच ढेपाळतात. तिसऱ्या दिवशी मोबाइल हातात दिला, तर मूल एवढंच शिकतं की जास्त वेळ किंचाळावं लागतं. आजी आतल्या खोलीत गुपचूप देत असेल, तर तिलाही बैठकीला न्या.

भीती, चिंता किंवा घरातला मृत्यू असेल तर मात्र मुलाबरोबरचं काम महत्त्वाचं. कुत्र्याच्या भीतीत आधी फोटो, मग व्हिडिओ, मग फाटकापलीकडचा बांधलेला कुत्रा, अशा पायऱ्या मूल स्वतः चढतं. किशोरवयात एकट्याने बोलायला वेळ हवाच. जिवाला धोका नसेल तर समुपदेशक सहसा तपशील पालकांना सांगत नाही; रिक्षात "आज काय बोललास?" विचारलंत की पुढच्या भेटीत मूल गप्प.

दोन्हीआधी कान-डोळे तपासा. अक्षरं लागत नाहीत म्हणून वही फाडणारं मूलही 'हट्टी' ठरतं. स्वतःला इजा करत असेल तर थेट मनोविकारतज्ज्ञ गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मोफत, मराठीतूनही बोलता येतं.