बाबागाडी : गणपती ते नाताळ, वापरानंतरचा अनुभव

आधी कामाचं सांगतो. तीन घड्यांची, विमानाच्या केबिनमध्ये मावते म्हणून विकली जाणारी बाबागाडी आम्ही श्रावण संपता संपता घेतली. वजन साडेसहा किलोच्या आसपास, १५ किलोपर्यंतच्या मुलासाठी, पाच ठिकाणी अडकणारा पट्टा, पुढची चाकं चहूकडे फिरणारी, खाली सामानाची झोळी, किंमत आठ हजारांच्या घरात. कंपनीचं नाव देत नाही. या किमतीतल्या गाड्यांमध्ये मला तरी रंगापलीकडे फारसा फरक दिसला नाही, त्यामुळे जे लिहितोय ते बहुतेक सगळ्यांना लागू पडावं. कन्या तेव्हा सव्वा वर्षाची होती, नुकती धावायला लागलेली. आम्ही कोथरूडला राहतो, इमारतीला लिफ्ट आहे. लिफ्ट नसेल तर पुढचं वाचण्याआधीच थोडा विचार करा.

माझं मत असं झालंय : रस्त्यावर फिरवायचं वाहन म्हणून दहापैकी पाच. पोराला एका जागी, डोळ्यांसमोर, सुखात बसवून ठेवायची सोय म्हणून नऊ. घेताना मनात फक्त पहिलं होतं, दुकानदारही तेवढंच सांगतो. दुसरं सणासुदीनं शिकवलं.

रस्त्याचं आधी उरकतो. पदपथाच्या कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा असावी, असं इंडियन रोड काँग्रेसचं मानक सांगतं. बाबागाडी ढकलायला लागलं की हे आकडे आपोआप पाठ होतात, कारण ते कुठे पाळलेत आणि कुठे नाहीत हे मनगटांना कळतं. जंगली महाराज रस्त्याचा पदपथ नव्याने केलाय, तिथे गाडी एका हाताने जाते, दुसऱ्या हातात भुट्टा धरता येतो. आमच्या गल्लीत मात्र पदपथ म्हणजे चेंबरची झाकणं, उखडलेले पेव्हर ब्लॉक, पार्क केलेल्या स्कूटर आणि मध्येच एक डीपी. दुचाक्या चढू नयेत म्हणून रोवलेल्या खांबांमधून गाडी निघते, पण जेमतेम. चाकं लहान असल्याने प्रत्येक फटीत अडखळतात. उंच कडा आली की गाडी उलटी फिरवायची आणि मागची मोठी चाकं आधी वर ओढून घ्यायची. पुढून रेटलं तर पोर पुढे झुकतं आणि पट्टा पोटात रुततो.

मेट्रोत चांगला अनुभव. वनाजला लिफ्टने वर जायचं, सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची, मंडईला उतरायचं. सिव्हिल कोर्टचं भुयारी स्टेशन जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर आहे, त्यामुळे उन्नत मार्गावरून तिथे पोचेपर्यंत लिफ्ट बदलत बदलत जावं लागतं. वेळ हाताशी ठेवा. आणि सरकत्या जिन्यावर बाबागाडी न्यायची नाही, कितीही रांग असली तरी. गणपतीच्या दिवसांत आम्ही सकाळी नऊच्या सुमारास गेलो, मंडई आणि तुळशीबाग दोन्ही गणपती निवांत झाले. संध्याकाळी याच भागात गाडी घेऊन जाणं हा वेडेपणा. गर्दीत खाली बसलेलं पोर कुणाला दिसतच नाही, लोक मूर्तीकडे बघत चालतात. तेव्हा कडेवर घ्यावं नाहीतर घरी बसावं.

आता दुसरा उपयोग. गौरीजेवणाला काकूंकडे गेलो होतो. दोन खोल्या, वीस-बावीस माणसं, जमिनीवर पानं मांडलेली, कोपऱ्यात गौरींपुढे समई, तिच्या शेजारी फुलोरा टांगलेला. सव्वा वर्षाच्या मुलीला यातली प्रत्येक वस्तू ओढून बघायची असते. एरवी अशा ठिकाणी आम्हा दोघांपैकी एकाचं जेवण उभ्याने होतं. त्या दिवशी गाडी पॅसेजमध्ये लावली, ब्रेक दाबला, पट्टा अडकवला आणि कन्येच्या हातात पुरणपोळीचा तुकडा दिला. ती तिथून सगळ्यांना न्याहाळत राहिली, येणारा-जाणारा तिच्याशी बोलत राहिला, आणि बायको नि मी एका पंक्तीला बसलो. मूल झाल्यापासून सणाचं जेवण गरम असताना खाल्लं नव्हतं. पंक्तीत काकू म्हणाल्या, “अरे, ही गाडी नाही, हे सांभाळायला ठेवलेलं माणूस आहे.”

तेव्हापासून गाडी घरातही उघडी राहायला लागली. दिवाळीच्या फराळाला तर तिच्यावाचून निभावलं नसतं. आमच्याकडे आई चकल्या आणि करंज्या घरीच करते, बाहेरचं तिला चालत नाही. स्वयंपाकघर एवढंसं, कढईत तेल तापलेलं आणि कन्या आजीच्या पदराला लोंबकळलेली. तिला दुसऱ्या खोलीत ठेवलं की रडून गोंधळ, आत घेतलं की आमच्या जिवाला घोर. मग गाडी दाराबाहेर, ओट्यापासून चांगली लांब, पण आजी दिसेल अशी. हातात कणकेचा गोळा. आई चकली पाडताना तिच्याकडे बघून तोंडाने आवाज काढायची, ही खिदळायची. हे पाऊण तासापर्यंत टिकतं, त्यापुढे नाही. आणि खोलीत कुणीतरी मोठं माणूस हवंच. पट्टा लावलाय म्हणून दुसऱ्या खोलीत निघून जायची ही वस्तू नव्हे.

भाऊबीजेला सांगलीला गेलो, कोयना एक्सप्रेसने. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, पण जागाही मिळत नाही, त्यामुळे प्रवासभर ती मांडीवर. गाडी घडी करून सीटखाली गेली, हा तीन घड्यांचा खरा फायदा. छत्रीसारख्या लांबट घडीच्या गाडीचं टोक पॅसेजमध्ये येतं आणि चहावाल्यापासून टीसीपर्यंत प्रत्येकजण अडखळतो. सांगली स्टेशनवर उतरल्यावर एका हाताने गाडी उघडायला जमली. हे एका हाताचं प्रकरण जाहिरातीत दाखवतात तितकं सोपं नाही, पण खिळ कुठे आहे ते बोटांना समजलं की जमतं.

सासूबाईंनी गाडी बघितली आणि आधी हँडलला काळ्या दोऱ्यात बिब्बा बांधला. “एवढी मिरवत आणलीत पोरीला, दृष्ट नको का काढायला,” असं म्हणाल्या आणि भाकरतुकडाही ओवाळून टाकला. सासऱ्यांचं म्हणणं वेगळं, “जावईबापू, पोरीला पाय दिलेत की देवानं.” दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सासूबाईंनी ठिपक्यांची रांगोळी काढली, रंग भरले, आणि आमच्या मेव्हण्याने भाचीला फिरवायच्या उत्साहात गाडी त्यावरून नेली. मागच्या चाकांनी जांभळा उचलला, पुढच्यांनी पिवळा, आणि ओसरीपासून देवघरापर्यंत दोन रंगांचे चार पट्टे. सासूबाई काही बोलल्या नाहीत. मेव्हण्याने फरशी पुसली.

इथे एक बदल लक्षात ठेवण्यासारखा. दीड वर्षाच्या आसपास मुलांना गाडीत बसायचं नसतं, गाडी ढकलायची असते. आमचीही त्याला अपवाद नाही. हँडल तिच्या डोक्याच्या वर, म्हणून ती मधली आडवी नळी धरते आणि मागच्या चाकांना पाय आपटत चालते. हिला आवरायचं कसं, हा प्रश्न बायकोने सोडवला. भाजीला जाताना रिकामी गाडी, येताना सीटवर मेथीची जुडी, नारळ आणि कोबी पट्ट्याने बांधलेले, आणि कन्या ढकलायला. दोन चौकांना अर्धा तास लागतो, पण रडारड नाही. मात्र वाहनांच्या रस्त्यावर हा खेळ नको, सोसायटीच्या आत ठीक. आणि जड पिशव्या हँडलला अडकवू नका. पोर बसलेलं असेतोवर गाडी तोल धरते, त्याला उचललं की मागे कलंडते. सामान खालच्या झोळीतच.

ऊन-धुराबद्दल थोडं. ऑक्टोबरच्या उन्हात गाडीवर ओढणी किंवा दुपटं टाकून सावली करणारे खूप दिसतात. आत वारा खेळत नाही आणि हवा बाहेरच्यापेक्षा जास्त तापते. छत पुढे ओढा, नाहीतर सरळ सहानंतर बाहेर पडा. धुराचा प्रश्न छतानेही सुटत नाही. गाड्यांचे एक्झॉस्ट जमिनीपासून मीटरभराच्या आत असतात आणि बाबागाडीतलं नाक त्याच पट्ट्यात येतं. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये हेच मांडलं होतं, की अशी मुलं मोठ्यांपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत जास्त प्रदूषण अंगावर घेऊ शकतात. सिग्नलला उभं राहताना आता मी गाडी कडेपासून चार पावलं मागे आणि तिरकी धरतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तर गाडी बाहेर काढलीच नाही, धूर आणि आवाज दोन्हीपायी. तिने भुईनळे गॅलरीतूनच बघितले.

डिसेंबरात मात्र गाडीने रस्त्यावरही थोडी अब्रू राखली. ११ डिसेंबरला पुणे महापालिका पादचारी दिन पाळते, २०२१ पासून, आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद असतो. अर्धी रजा टाकून गेलो. एरवी ज्या रस्त्यावर मी गाडी न्यायची हिंमत केली नसती, तिथे मधोमध चालत होतो आणि दुकानदार बाहेर येऊन कन्येला हात करत होते. एक दिवस हे होतं, तर महिन्यातून एकदा व्हायला हरकत काय, हे मी तिथल्या अभिप्रायाच्या फलकावर लिहूनही आलो.

नाताळच्या सुट्टीत गुहागर. वाळूत ही गाडी चालत नाही, विषय संपला. लहान चाकं रुततात आणि ढकलाल तितकी खोल जातात. उलटी ओढत नेली तर थोडी सरकते, पण चाकाच्या आसात वाळू शिरते आणि मग घरभर कर्रकर्र. तेल घालू नका, तेलाला वाळू आणखी चिकटते. चाकं काढून जुन्या टूथब्रशने कोरडी साफ केली, मग थोडा सिलिकॉन स्प्रे मारला, आवाज गेला. बाकी गुहागरात गाडी खोलीवर खुर्ची म्हणूनच वापरली. जेवणघरातल्या बाकावर ती बसू शकत नव्हती, गाडीत बसून तिने आयुष्यातली पहिली सोलकढी प्यायली आणि अंगावर सांडली.

सफाईचं म्हणाल तर कापड काढता येतं, हे घेताना बघून घ्याच. वरण-भाताचे पिवळे डाग साबणाने जात नाहीत, पण कापड धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकलं की हळदीचा डाग आपोआप फिका पडत जातो. तेलाचे राहतात. अभ्यंगस्नानाच्या सकाळी तेल लावलेल्या मुलीला “दोनच मिनिटं” गाडीत ठेवलं होतं, त्याची खूण पाठीच्या जागी अजून आहे.

खरी तक्रार बकलबद्दल. पाचही टोकं एकाच गोल बकलमध्ये येतात आणि मध्ये लाल बटण. दिवाळीनंतर एकदा ते बटण दाबलं जाईना. कन्या आत बांधलेली, तिला बाहेर यायचंय, मी अंगठ्याने रेटतोय, बायको टॉर्च धरून. शेवटी खांद्यांचे पट्टे सैल करून तिला वरून सोलून काढली. मग बकल उलटं धरून हेअरपिनने टोकरलं. आधी शेवेचा चुरा आला, मग चिवड्यातलं डाळं, अख्खं, बटणाच्या बरोबर खाली बसलेलं. ते निघालं आणि टक् आवाज होऊन बटण वर आलं. खाऊ गाडीत द्यायचाच, तर आठवड्याला बकल झटका. पाणी घातलंत तर पूर्ण वाळेपर्यंत वापरू नका.

दुसरी तक्रार, पाठ पूर्ण आडवी होत नाही. त्यात झोपलेल्या मुलाची मान कलते, म्हणून झोप लागली की आम्ही तिला उचलून अंथरुणावर टाकतो. थंडीत पाठीखाली गोधडी घालायचा मोह होतो (आईने घातलीही होती), पण जाड थर खाली आला की पट्टा वरून घट्ट वाटतो आणि खरं तर ढिला असतो. पांघरूण वरून घाला, पट्टा लावून झाल्यावर.

घ्यायची का? घरी माणसांचा राबता असेल, सणाला पाच घरी जाणं होत असेल, पोर आठ महिने ते दोन वर्षांच्या दरम्यान असेल, तर घ्या. फक्त संध्याकाळी फेरी मारायला हवी असेल तर आधी आपल्या गल्लीचा पदपथ एकदा पायी बघून या. आणि दुकानात मोकळी गाडी गुळगुळीत फरशीवर फिरवून काही कळत नाही, ती तिथे सगळ्यांचीच छान चालते. शेजारच्या किराणावाल्याकडून दहा किलोचं तांदळाचं पोतं मागून घ्या, सीटवर ठेवा, पट्टा लावा आणि दुकानाच्या पायऱ्यांवरून रस्त्यावर उतरवून परत वर चढवा. दुकानदार नको म्हणाला तर दुसरं दुकान.