एअरलाइन की वाटणीचं विमान?

बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या धावपट्टीवरून विमान उठलं की आमच्या खानापूरच्या भाच्याची मान आपोआप वर जाते. उड्डाणाचे २०० तास भरून पायलटचं कमर्शियल लायसन हातात आलंय. आता प्रश्न एकच, एअरलाइन धरायची की अमेरिकेतल्या नेटजेट्ससारखी वाटणीच्या विमानांची कंपनी?

दुसरी भानगड आधी सांगतो. १९८६ मध्ये नेटजेट्सने जेट विमानाचे हिस्से विकायला सुरुवात केली. सोळावा हिस्सा घेतला तर वर्षाला साधारण ५० तास उड्डाण. विहिरीच्या पाळीसारखंच की! फरक एवढाच, की आपलं विमान अडकलं तर कंपनी तसलंच दुसरं पाठवते. पायलटाला मात्र आज कुठं, उद्या कुठं, याचा पत्ता नसतो. सात दिवस काम, सात दिवस घर, ही तिथली प्रसिद्ध पाळी. छोट्या जेटमध्ये हवाईसुंदरी नाही. बॅगा चढवणं, कॉफी बघणं, सीट पुसणं, सगळं दोघा पायलटांनीच. उद्योगपती, नट मागच्या सीटवर. त्यांच्याशी गोड बोलायचं आणि ऐकलेलं पोटात ठेवायचं. आमच्या भाच्याला हे दुसरं जमेल का, शंकाच आहे.

एअरलाइनमध्ये ठरलेले मार्ग, महिन्याचं रोस्टर, दार बंद कॉकपिट. बढती ज्येष्ठतेनं. कंटाळवाणं, पण गणपतीची रजा निदान आधी मागता येते.

शिवाय अमेरिकेत तिथलं लायसन आणि कामाचा परवाना लागतो. म्हणून मी त्याला म्हटलं, "बाळा, आधी इथं एअरलाइनमध्ये तास वाढव." बहिणीला मात्र सात दिवस घरी, एवढंच ऐकू आलंय.