बर्निना एक्सप्रेस: एका तिकिटात तीन समुद्रांचं पाणी

आल्प्स म्हटलं की आपली सगळी पब्लिक युंगफ्राउ नाहीतर टिटलिसला जाते, बर्फात उड्या मारते, फोटो काढते आणि परत. वाईट काही नाही त्यात, मीपण केलंय. पण यावेळी मामा-मामी आले होते, आणि मामा पाटबंधारे खात्यातनं रिटायर झालेला, सातारचा, त्याला बर्फाचं कौतुक दहा मिनिटं. मग म्हटलं याला नद्या दाखवू. म्हणून कूर ते टिरानो, बर्निना एक्सप्रेस. तिकीट आपलं आपण काढलं कारण पुण्यातल्या एका टूरवाल्यानं तीन दिवस फोनवर "सर त्यात बघण्यासारखं काय आहे" एवढंच ऐकवलं.

रूट सांगतो. स्वित्झर्लंडच्या पूर्व कोपऱ्यातलं कूर 585 मीटरवर, तिथनं गाडी चढत चढत 2,253 मीटरवर जाते आणि मग धाडकन उतरून इटलीतल्या टिरानोला 429 मीटरवर. एकूण 144 किमी, 55 बोगदे, 196 पूल, चार तासांहून थोडं जास्त. रेटियन रेल्वेची मीटरगेज लाईन आहे, तिचा बराचसा भाग 2008 पासून युनेस्कोच्या यादीत.

कूर सोडलं की थोड्याच वेळात रायशेनाऊला ऱ्हाईनचे दोन फाटे एकत्र येतात, मामा लगेच "अरे हा तर प्रीतिसंगम", आणि पुढचा अर्धा तास कराडच्या गप्पा. ढोबळमानानं पूर्व आल्प्स आणि पश्चिम आल्प्स यांची वाटणी याच ऱ्हाईनच्या पट्ट्यात धरतात, म्हणजे गाडीत बसल्या बसल्या आपण पूर्व आल्प्समध्ये शिरतो. मग लँडवासरचा तो फेमस पूल, 65 मीटर उंच, वळणावर सहा कमानी, आणि पुढचं टोक सरळ कड्यातल्या बोगद्यात. सगळे मोबाईल काढून उभे. याच लाईनवर 2022 मध्ये यांनी 100 डब्यांची जवळजवळ दोन किलोमीटर लांब पॅसेंजर गाडी चालवून रेकॉर्ड केलं होतं. स्विस लोकांना हौस दांडगी.

पण खरी गंमत पुढे आहे आणि ती ब्रोशरमध्ये वाचून डोक्यात शिरत नाही. बेर्ग्युन ते प्रेडा सरळ अंतर जेमतेम पाच-सहा किमी, पण चढ चारशे मीटरहून जास्त, म्हणून लाईन डोंगराच्या पोटात गोल गोल फिरते, तेच चर्च एकदा डावीकडे दिसतं एकदा उजवीकडे, मामीला वाटलं गाडी परत चालली. मग अल्बुला बोगदा, जवळजवळ सहा किमी, जुना 1903 चा होता, त्याच्या शेजारी नवा बांधून 2024 मध्ये सुरू केला. आत अंधार, लोक चिप्स खात बसलेले, आणि मामा म्हणतो "आत्ता आपल्या डोक्यावर खोरं बदललं". बरोबरच होतं! बोगद्याच्या अलीकडे पडलेला पाऊस ऱ्हाईनमधनं उत्तर समुद्राला, पलीकडचा इन नदीत, इन पुढे पासाऊला डॅन्यूबमध्ये, आणि ते सगळं काळ्या समुद्रात. मला हे शाळेत कुणी असं सांगितलं असतं तर भूगोलात बरे मार्क पडले असते.

पाँट्रेझिनाच्या पुढे मोर्टेराच हिमनदी दिसते, किंवा दिसायची म्हणा, शंभर वर्षांत इतकी मागे सरकलीय की जुन्या स्टेशनजवळच्या फोटोशी मेळच लागत नाही. वर पिझ बर्निना, 4,049 मीटर, अख्ख्या पूर्व आल्प्समधलं चार हजार मीटरच्या वरचं हे एकमेव शिखर. बाकीचे सगळे चार-हजारी पश्चिमेकडे.

आणि मग सगळ्यात वर, बर्निना खिंडीत दोन तळी. लेय नाइर म्हणजे काळं तळं, लागो बियांको म्हणजे पांढरं तळं, पहिलं नाव रोमांश भाषेतलं दुसरं इटालियन, मध्ये फक्त एक बुटका बंधारा. पांढऱ्यात हिमनदीनं दळलेल्या दगडाची भुकटी येते म्हणून पाणी ताकासारखं दिसतं. काळ्या तळ्याचं पाणी इनमध्ये, म्हणजे काळा समुद्र, पांढऱ्याचं पॉस्कियाविनो, अड्डा, पो करत एड्रियाटिकमध्ये. आपल्याकडे महाबळेश्वरला कृष्णा पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे आणि सावित्री पश्चिमेला जाते तसंच, फक्त इथे ते खिडकीतनं एका नजरेत दिसतं.

उतार तर विचारू नका. 1,000 मीटरला 70 मीटर, म्हणजे साधारण 14 ला 1, माथेरानची गाडीसुद्धा 20 ला 1 वर आहे, आणि इथे मध्ये दातेरी रूळ वगैरे काही नाही, साधी चाकं साध्या रुळांवर. 1910 मध्ये लाईन पूर्ण झाली तेव्हापासून विजेवर. खिंडीपलीकडच्या आल्प ग्र्यूम स्टेशनवरनं खाली बघितलं तर मघाचा बर्फ आठवतसुद्धा नाही, खाली चेस्टनटची झाडं, मग द्राक्षाचे मळे. ब्रूसिओला गाडी उघड्यावरच एका गोल पुलावर पूर्ण चक्कर मारून स्वतःच्याच खालनं जाते. टिरानोला तर रस्त्याच्या कडेनं, चर्चसमोरनं, ट्रामसारखी.

टिरानोला पित्सोकेरी खा, कुट्टूच्या पिठाच्या जाड पट्ट्या, बटाटा, कोबी आणि चीज. मामी म्हणाली उपासाचं पीठ लसणात घातलंय, पण ताट पुसून खाल्लं.

आता पैशाचं. स्विस ट्रॅव्हल पास चालतो पण एक्सप्रेसला सीट रिझर्वेशन वेगळं पडतं. मोठ्या काचेचा डबा मस्त आहे, पण काच उघडत नाही त्यामुळे फोटोत आपलंच तोंड येतं. त्याच रुळांवर तासाला साधी लोकलपण जाते, रिझर्वेशन नाही, काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. जाताना एक्सप्रेस, येताना लोकल, असं करा. कूरहून टिरानोला जाताना उजवीकडे बसा, लँडवासर, हिमनदी, तळी सगळं त्याच बाजूला. पाच पैकी साडेचार.

आणि येताना ओस्पिझिओ बर्निनाला, म्हणजे खिंडीतल्या तळ्याजवळच्या स्टेशनला, उतराच. आम्ही उतरलो, तळ्याकाठच्या वाटेनं बंधाऱ्यापर्यंत गेलो, मामा एक पाय इकडे एक तिकडे करून पंधरा मिनिटं उभा, फोटोसुद्धा नको म्हणाला. पुढची लोकल तासानं असते, वेळ बघून निघा, आणि सप्टेंबर असला तरी कानटोपी न्या, वारा कान कापतो.