दारू शाबूत, किंमत गेली

“बाटली फुटलेली नाही, सील तुटलेलं नाही, आतली व्हिस्की जशीच्या तशी आहे. मग नुकसान कसलं?”

नुकसान बघायला आलेल्या विमा कंपनीच्या सर्व्हेअरने हे अगदी शांतपणे विचारलं. माझ्या हातात एक जुनी सिंगल माल्ट होती आणि तिचं लेबल लगदा होऊन अंगठ्याला चिकटलं होतं.

रात्री कपाटामागच्या भिंतीतला पाइप फुटला. ६४ बाटल्यांपैकी १९ बाटल्यांची लेबलं आणि खोके गेले, काच एकीचीही फुटली नाही. ज्याला हा नाद नाही त्याला हे हसण्यावारी नेण्यासारखं वाटेल. पण व्हिस्की बाटलीत भरली की मुरायची थांबते. बारा वर्षांची व्हिस्की चाळीस वर्षं कपाटात ठेवली तरी बारा वर्षांचीच राहते. मग वाढतो तो भाव दुर्मीळपणाचा, आणि तो लेबल, सील, खोका धड असेल तरच मिळतो. मला वाटत होतं, मी विमा याच भावाचा उतरवलाय.

एजंट आमच्या घराच्या पॉलिसीचा. कपाट बघून तो म्हणाला, “साहेब, घरच्या पॉलिसीत एका वस्तूला मर्यादा असते. या बाटल्या त्यात बसायच्या नाहीत.” हे खरंच होतं, माझ्या पॉलिसीत तशी मर्यादा होती. सुरुवातीलाच खरं बोलला म्हणून पुढच्या सगळ्यावर मी विश्वास ठेवला. संग्रहासाठी वेगळा रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण करू, तेही ठरलेल्या किमतीचं. बाटली गेली की यादीतली रक्कम हातात, त्या दिवशीच्या बाजारभावावर वाद नाही.

किंमत ठरवायला त्याने त्याचाच व्हॅल्युअर आणला. त्या माणसाने ६४ बाटल्या वीस मिनिटांत उरकल्या. मोबाइलवर पुढच्या लेबलांचे फोटो काढले, बस्स. एकही बाटली उजेडासमोर धरली नाही. जुन्या बाटलीत बुचातून थोडी थोडी दारू उडत असते, त्यामुळे जाणकार माणूस आधी पातळी बघतो, मग सील, मग काचेवरचा कोड. याने यातलं काहीच पाहिलं नाही. हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. तरी गप्प बसलो, कारण त्याच्या सर्टिफिकेटवरचा आकडा मला आवडला होता. बायकोने “एवढी किंमत?” म्हणून भुवई उंचावली, तर मी तिलाच बाजार समजावत बसलो.

त्या फुगवलेल्या आकड्यावर मी तीन वर्षं पैसे भरले. घराचा प्रीमियम कंपनीच्या खात्यात जायचा आणि रायडरचा एजंटच्या फर्मच्या खात्यात, “आम्ही एकत्र करून पुढे पाठवतो” म्हणून. पावती सुबक छापलेली, मागे माझी ६४ बाटल्यांची यादी स्टेपल केलेली. खरी पॉलिसी दरवर्षी ईमेलवर यायची. मी पहिलं पान उघडून नाव-पत्ता बघायचो आणि बंद करायचो.

क्लेम केल्यावर शेड्यूल, म्हणजे पॉलिसीतलं कशाकशाचा विमा आहे ते सांगणारं पान, पहिल्यांदा नीट वाचलं. त्यात ‘घरातील सामान’ एवढंच होतं. यादी नाही, रायडर नाही. कंपनीकडे त्या नावाखाली एक पैसाही पोचला नव्हता. साध्या पॉलिसीत वस्तू मोडली-जळली तर भरपाई होती, लेबल जाऊन घटलेल्या किमतीची नव्हती. म्हणजे सर्व्हेअर त्याच्या जागी बरोबर होता. त्याने आणखी एक विचारलं, “या बाटल्या अस्सल कशावरून?” तेव्हा राग आला होता. पण २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या प्रयोगशाळेत दुर्मीळ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्कॉचच्या ५५ बाटल्या रेडिओकार्बन पद्धतीने तपासल्या, तेव्हा २१ बाटल्या एकतर बनावट निघाल्या किंवा लेबलवरच्या सालच्या नव्हत्या. माझ्याकडे खरेदीची बिलं होती फक्त ११ बाटल्यांची.

एजंट आधी म्हणाला, “सिस्टमला अपडेट व्हायचंय.” मग म्हणाला, “लेबलांचं तुम्ही बोललाच नव्हता.” मग फोन बंद. एका संध्याकाळी व्हॅल्युअरच्या फीची पावती आणि रायडरची पावती शेजारी ठेवली. पत्ता एकच. एकावर ‘दुसरा मजला’, दुसरीवर ‘२ रा मजला’.

तुमच्याकडे असं कपाट असेल तर रायडरचा नंबर एजंटकडून ऐकू नका, कंपनीला थेट विचारा आणि उत्तर लेखी घ्या. पैसे फक्त कंपनीच्या खात्यात. शेड्यूलमध्ये बाटलीगणिक यादी हवी आणि ‘ठरलेली किंमत’ हे शब्द हवेत. ‘बाजारभाव’ लिहिलं असेल तर फुगवलेल्या आकड्याचा प्रीमियम तुमचा, भरपाईचा हिशोब मात्र त्या दिवशीच्या भावाने. वगळलेल्या गोष्टींचं पान आधी वाचा: बाष्पीभवन, गळती, बूच खराब होणं हे बहुधा तिथेच सापडतं. बाटल्या उभ्याच ठेवा, आडव्या ठेवल्या की कडक दारू बूच खाते. फोटो काढताना पातळी दिसू द्या. आणि व्हॅल्युअर तुमचा तुम्ही शोधा, एजंटचा नको.

तक्रार दिली आहे. त्या दोन पावत्या हाच माझा पुरावा.

आता दुसऱ्या कंपनीकडे विमा आहे. त्यांच्या माणसाला पूर्ण दिवस लागला. त्याने प्रत्येक बाटली फिरवून पाहिली आणि माझी सगळ्यात लाडकी रम नाकारली: पातळी खांद्याच्या खाली गेलेली, बूच सैल. तसं त्यांनी लेखी कळवलंय.